पोलादवाले, झरेवाले आणि वंदनाचे रकाने

"तिघांनाही काढा. आजच्या आज," नेमिचंदभाऊ म्हणाले. धुळ्यातल्या देवपुरातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे ते मालक. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर पाच मशीन, आणि मी एकमेव सर. साल अठ्ठ्याण्णव.

तिघं प्रॅक्टिकलच्या वेळात गेम खेळताना सापडले होते. अणुयुद्धात जग बेचिराख झालंय आणि उरलेल्या माणसांच्या टोळ्या एकमेकींशी भांडताहेत, असा तो गेम. त्याचे दोन भाग. खरं सांगतो, सीडी माझीच होती. भाऊंना ते सांगायची छाती झाली नाही.

तिघांत वंदना होती. पिंपळनेरजवळच्या खेड्यातून रोज एसटीने यायची. दोंडाईच्याच्या एका कापसाच्या जिनिंग मिलने कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत राखली होती, पण सर्टिफिकेट दाखवलं तरच. तिला काढलं असतं तर पाप माझ्या माथी.

"भाऊ, तो त्यांचा प्रोजेक्ट आहे," मी ठोकून दिलं.

"गेमचा प्रोजेक्ट? मास्तर, परीक्षक नाशिकहून येताहेत. नापास केलं तर?"

"तर मलाही काढा."

आता थाप निस्तरणं आलं. तिघांना म्हटलं, या टोळ्यांचा डेटाबेस करा. डेटाबेस म्हणजे शिस्तीत मांडलेली माहिती. प्रत्येक टोळीला एक ओळ, प्रत्येक प्रश्नाला एक रकाना. रकाने मीच दिले: माणसं, बंदुका, यंत्रं. कोणती टोळी टिकेल, याचा क्रम त्यावरून लावला. किल्ल्यातले पोलादवाले पहिले आले, व्यापारी तांडा दुसरा, झरेवाले तळाला. मी खूश.

वंदना मात्र खूश नव्हती. "सर, दुसरा भाग ऐंशी वर्षांनंतरचा आहे. त्यात पोलादवाल्यांचा किल्ला ओसाड पडलाय आणि झरेवाल्यांची सात गावं झालीत. मग आपलं कोष्टक चुकलं ना?"

मी चिडलो. "मग काय मोजायचं, तूच सांग."

"पानी कोन वाटस, हाऊ रकाना कोठे शे?" रंगात आली की ती अहिराणीवर यायची. तिच्या गावात पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर फड होते. फड म्हणजे एका पाटावर भिजणारा शेतांचा गट. "पानी कमी पडनं का एक फड पडीत ठेवतस. पन बठ्ठासना तुकडा बठ्ठा फडमा शे. म्हनीसन झळ बठ्ठासले सारखी." म्हणजे सगळ्यांचा तुकडा सगळ्या फडांत, त्यामुळे झळही सगळ्यांना सारखीच.

गेममध्ये पोलादवाले टंचाईत खालच्या वस्तीचं पाणी तोडायचे, म्हणून माणसं निघून गेली. झरेवाले सगळ्यांचंच थोडं कमी करायचे. वंदनाने दोन रकाने वाढवले: पाणी कोण सोडतं, टंचाईत कोणाचं तुटतं. झरेवाले वर आले. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या कपाळाला आठ्या. "हा तर खेळ झाला. उपयोग काय याचा?"

वंदनाने टोळ्या पुसल्या आणि त्या जागी आपल्या गावचे चार फड भरले. कोणाचा तुकडा किती, सगळं तोंडपाठ. कोणता फड पडीत ठेवला तर कोणाचं किती भिजणार नाही, ते स्क्रीनवर आलं. परीक्षक खुर्ची ओढून बसले. "आता दुसरा फड बंद करून दाखवा."

तिघंही पास झाले. महिना संपायच्या दोन दिवस आधी वंदना दोंडाईच्याला रुजू झाली.

पाण्याचा रकाना मला का सुचला नाही? मी धुळ्यात नळाच्या पाण्यावर वाढलो. तेव्हापासून कोष्टक मांडताना रकाने आधी विद्यार्थ्यांना विचारतो. निम्मे चुकीचे सांगतात. माझेही तेवढेच चुकायचे.