मधल्या खाचराची मोरी

त्या मंगळवारी सकाळी सहालाच भामाने बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा पुढ्यात ओढला. डब्यात भाताचं तूस आणि तुसात जपून ठेवलेली बावीस अंडी. एकेक अंडं पुसून ती पातेल्यात ठेवत होती. सून प्राची दारात उभी राहून बघत होती.

“आई, मॅडम अकराला यायच्यात. त्यांना सातबारा दाखवायचाय, अंडी नाही.”

“सातबाऱ्यावर पानी दिसतं का?” भामा म्हणाली. “नाय ना? मंग गप. ते फडकं दे इकडं.”

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी अंगात अशी तरतरी होती की चहाही तिने उभ्यानेच प्याला.

कोन गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एकाखाली एक तीन भातखाचरं. वरचं काशिरामचं, मधलं त्याच्या पुतण्याचं, कुंदनचं, आणि खालचं भामाचं. डोंगराचा पाझर काशिरामच्या खाचरात उतरायचा, तिथून बांधातल्या मोरीने मधल्यात आणि मधल्यातून दुसऱ्या मोरीने भामाच्या भातात. मोरी म्हणजे तरी काय, चार दगड लावून केलेलं, हात कोपरापर्यंत जाईल एवढं भोक. ते कोणाच्या पणजोबांनी ठेवलं होतं कोण जाणे. नकाशात ते नव्हतं. कुठल्याही कागदावर नव्हतं.

भामाचं माहेर बेलपाड्याचं. माहेरची शेतं केव्हाच खारघरच्या इमारतींखाली गेली होती. भाऊ त्यांतल्याच एकीत चौथ्या मजल्यावर राहायचा आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याचे फोटो पाठवायचा. फोटो आला की भामा फावडं घेऊन बांधावर जायची. नवरा गेल्यापासून बांध तिचाच होता. मुलगा कळंबोलीच्या लोखंडबाजारात कामाला, त्याला चिखलाचा वास सोसत नसे.

कुंदनला मधल्या खाचरात लग्नाचा लॉन करायचा होता. सहा वर्षं ते पडीकच होतं, गवत छातीला लागत होतं. चार फूट भराव टाकायचा, वर हिरवळ, कडेने दिवे. अर्जात त्याने लिहिलं होतं की या जमिनीतून कोणाचंही पाणी जात नाही. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. प्राचीने हरकत लिहिली, भामाने सही केली आणि आता मंडळ अधिकारी मॅडम जागा पाहायला येणार होत्या. भराव पडला तर भामाचं भात तहानेने मरणार आणि काशिरामचं बुडून. एवढं सगळ्या गावाला कळत होतं. पण काशिरामने हरकत घेतली नव्हती. पुतण्या त्याचा सख्खा होता.

त्याहून मोठी अडचण म्हणजे भामा आणि काशिराम अकरा वर्षं बोलत नव्हते. एका पावसाळ्यात काशिरामने पाणी गुपचूप आपल्या वांग्यांकडे वळवलं होतं. भामाने त्याच्या खाचरात तूस सोडून, तूस कुठे निघतं ते मारुतीच्या देवळासमोर बसलेल्या चारचौघांना उठवून दाखवलं होतं. वांग्यांच्या सरीत तरंगणारं तूस गावाने पाहिलं, आणि त्या दिवसापासून काशिराम ओटीवर बसलेला असला की भामा त्याच्या घरी हळदीकुंकवाला मागच्या दाराने जायची.

आणि आता नऊ दिवस तिच्या खाचरात पाण्याचा थेंब उतरला नव्हता. पावसाने उघडीप दिली होती, भात पोटरीत, कणसं बाहेर पडायच्या बेतात आलं होतं, जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. नऊही दिवस तिने बांधावर उभं राहून, वर तोंड करून, काशिरामच्या सात पिढ्यांची विचारपूस केली होती.

“तूस वरून कोण सोडणार?” प्राचीने विचारलं. “त्यांच्या खाचरात तर ते पाय ठेवू द्यायचे नाहीत.”

भामाने डबा काखेत मारला. “मीच जाते त्याच्याकडं.”

काशिराम ओटीवर दाढी करत होता. भामा आज पुढच्या दाराने आली, डबा त्याच्या आरशासमोर ठेवला.

“अकराला मॅडम येनार. मोरीशी हे सोडायचं. आन माजं पानी तुमी अडवलं असंल तर आदी मोकळं करा.”

काशिरामचं अर्धं तोंड फेसात होतं. “मी अडवलं? वयनी, तुमीच खालची मोरी बुजवलीत. माजं भात बुडालं. रोपं पिवली पडली, येऊन बगा.”

“मी कशाला बुजवीन? माज्या भुईत भेगा पडल्यात.”

“मंग पानी गेलं कुटं?”

वस्तरा हातातच राहिला. काशिरामने मान वळवून पुतण्याच्या घराकडे पाहिलं, मग पुन्हा आरशात. “तो माजा पोरगा हाय,” तो म्हणाला. “डबा ठेवा. बगतो.”

बगतो म्हणजे काय, हे भामाने परतताना वाटभर स्वतःला विचारलं. पाय मात्र भराभर पडत होते.

अकराच्या मॅडम साडेअकराला आल्या. वयाने प्राचीएवढ्याच, चिखलाचा अंदाज घेऊन पँट दुमडलेली. कुंदनने गाडीतून त्यांच्यासाठी खुर्ची काढली. त्या बसल्या नाहीत.

“मॅडम, वरचं पाणी सगळं रस्त्याच्या गटारात जातं,” कुंदन म्हणाला. “काकींना सवय आहे, दर पावसाळ्यात कोणाशी तरी भांडण लागतं.”

“भांडन लागतं ते पान्यावरूनच ना रं?” भामा म्हणाली. “पानी नसतं तं कशावरून भांडले असते? तुज्या लॉनवरून?”

मॅडमच्या ओठांच्या कडा हलल्या. “मावशी, नकाशात ओहोळ नाही. मला डोळ्यांनी दिसलं तरच लिहिता येईल.”

“दिसंल. इतं मोरीपाशी उबं रावा.”

प्राचीने खूण म्हणून ओढणी हलवली. वर बांधावर काशिराम दिसला. त्याने डबा वाकडा केला, तूस सोडलं आणि खाली वाकला. नंतर गवतामुळे काही दिसेना.

भामा मोरीसमोर उकिडवी बसली. भोक कोरडं होतं. आत एक खेकडा निवांत बसला होता. पाच मिनिटं गेली. पाझर चांगला असला की तूस इथवर यायला सहा मिनिटं लागतात, हे तिला मनगटातल्या नाडीसारखं ठाऊक होतं. आठ झाली. दहा झाली.

“पुढे कळंबोलीला जायचंय मला,” मॅडम म्हणाल्या.

“मी म्हटलंच होतं,” कुंदन म्हणाला.

“अजून दोन मिंटं बाय, दोनच.” भामा वाकून भोकात बघत होती. काश्याने दगा दिला. पुन्हा दिला. रक्ताने रक्त ओढलं.

तेवढ्यात मधल्या खाचरातलं गवत हललं. कोणीतरी जनावर घुसावं तसं गवत दुभंगत गेलं आणि त्यातून काशिराम निघाला. लुंगी मांड्यांपर्यंत खोचलेली, हातात फावडं, एका गालावर अजून न काढलेली दाढी. तो कोणाकडेही न बघता त्यांच्या पुढ्यातल्या बांधाच्या आतल्या अंगाला वाकला.

“काका,” कुंदन म्हणाला. “काका, तिथे काय करताय?”

काशिरामने दोन्ही हात पाण्यात घातले, पाय रोवले आणि ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो जवळजवळ मागे पडला आणि हातात आली मुरुमाने भरलेली सिमेंटची गोणी. तोंड निळ्या दोरीने बांधलेलं. तशीच निळी दोरी कुंदनच्या गाडीच्या टपावर होती.

“ही गाठ तुला मी शिकवली,” काशिराम पुतण्याला म्हणाला.

मोरीतून आधी हवा निघाली, मग खेकडा, मग गढूळ पाण्याचा लोट. भामाची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. पाणी भेगांत शिरताना चुरचुर आवाज करत होतं. आणि मग, थोड्या वेळाने, पाण्यावर पिवळं, हलकं, भिरभिरणारं तूस आलं. मूठभर आलं, मग ओंजळभर, मग भाताच्या बुंध्याबुंध्याला चिकटत पार पुढपर्यंत गेलं.

“आलं,” प्राची म्हणाली आणि मोबाइलवर फोटो काढायचं विसरली. मॅडमनीच चार काढले.

पंचनामा बांधावरच लिहिला गेला. मॅडमनी लिहिलेलं वाचून दाखवलं: वरच्या खाचरातून मधल्यामार्गे खालच्या खाचरात पाण्याचा वाहता प्रवाह प्रत्यक्ष पाहिला. “निर्णय वर होईल,” त्या म्हणाल्या, “पण मोरी आता कागदावर आली. ती मोकळी ठेवल्याशिवाय भरावाची शिफारस मी करणार नाही.” साक्षीदार म्हणून काशिरामने सही केली. अक्षर नीट आलं. कुंदन खुर्ची गाडीत टाकून निघून गेला होता.

मॅडम गेल्यावर दोघं बांधावर उरले. पाणी दोघांच्या पायांमधून वाहत होतं.

“नऊ दिवस शिव्या घातल्यात मला,” काशिराम म्हणाला. “वर सगलं आयकू येतं.”

“तुमीबी घातल्यात.”

“मी मनात घातल्या.”

“मंग त्यातल्या निम्म्या अकरा वर्सांपूर्वीच्या वांग्यांत वलत्या करा,” भामा म्हणाली आणि फावडं उचलून मोरीचा सरकलेला दगड नीट बसवू लागली. काशिरामने दुसऱ्या बाजूने धरला.

दुपारी तिने प्राचीच्या हातून त्याच्या घरी सहा अंडी पाठवली. प्राची रिकामं पातेलं आणि निरोप घेऊन आली: तूस नसल्यामुळं दोन फुटली, असं वयनींना सांग.