नळीच्या तोंडावरचा हात

आमचे हे घरोघरच्या पोहण्याच्या तलावांना फिल्टर बसवतात. बावीस वर्षं झाली. माणूस अबोल. जेवताना मीठ कमी वाटलं तर मागणार नाहीत, उठून स्वतः डबा घेतील. पाण्याशी मात्र त्यांचं गूळपीठ आहे. ओंजळीत घेऊन वास घेतात आणि फिल्टर धुऊन किती दिवस झाले ते सांगतात.

या धंद्यात माझीही एक जागा आहे. फिल्टर म्हणजे कमरेएवढी टाकी, मधोमध उभी नळी, भोवती वाळू. गाळलेलं पाणी त्या नळीतून वर चढून तलावात जातं. म्हणून वाळू भरताना नळी हलता कामा नये आणि तिच्या तोंडात एक कणही जाता कामा नये. बाकीचे कारागीर तोंडाला टोपण लावतात, चिकटपट्टी मारतात. ह्यांचा त्यावर विश्वास नाही, ह्यांना माझा तळहात लागतो. मी टाकीवर वाकून नळीचं तोंड दाबून धरते, हे वाळू ओततात. छान धरलंस असं कधी म्हणाले नाहीत, मीही वाट पाहिली नाही. ती जागा माझी होती, एवढं मला पुरत होतं.

मग दिराने नवं घर बांधलं आणि मागच्या अंगणात तलाव केला. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? पण तलाव मी दोन दिवसांत पचवला असता. जाऊ पचली नाही.

फिल्टर ठरवायला आम्ही दोघं गेलो. दिराला पंप हवा होता दांडगा आणि फिल्टर छोटासा, झुडपाआड लपणारा. नाकापेक्षा मोती जड. मी तसं बोलले, तर तो माझ्याकडे बघून हसला. मग जाऊने ह्यांना विचारलं, मोठा पंप का नको, आणि आमच्या ह्यांना वाचा फुटली. पाण्याला रेटलं तर ते घाणीसकट वाळूतून पळतं, त्याला सावकाश जाऊ द्यायचं, म्हणून टाकी मोठी आणि पंप बेताचा; त्यात काठावर झाड, म्हणजे पाचोळा आलाच. पाऊण तास. लग्न झाल्यापासून माझ्याशी हे सलग पाऊण तास बोलल्याचं मला आठवत नाही. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. शेवटी नवऱ्याला म्हणाली, दादा म्हणतात तोच घ्यायचा. दीर मुकाट्याने हो म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बसवायच्या दिवशी टाकी अर्धी पाण्याने भरली, वाळूची पोती फोडली. मी बाह्या सरसावून पुढे झाले, तर जाऊ आधीच टाकीपाशी.

"दादा, आज मी धरू?"

मला वाटलं, हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "धर. तळहात सपाट ठेव. हं, छान. हात स्थिर आहे तुझा."

मी समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसऱ्या पोत्याला धूळ उडाली आणि जाऊला शिंक आली. हात सरकला, मूठभर वाळू नळीत गेली. तिने हात पुन्हा जागेवर ठेवला, तिला काही कळलंही नाही. ह्यांचं लक्ष पोत्याकडे होतं. मी पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. धर आता, म्हटलं मनात, स्थिर हात ना तुझा.

संध्याकाळी पंप सुरू झाला. दिराने कौतुकाने दोन शेजारी बोलावले होते. थोड्याच वेळात तलावाच्या निळ्या तळावर वाळूची रेघ पसरली. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दीर म्हणाला, बावीस वर्षांत हेच शिकलास का, दादा? जाऊचा चेहरा उतरला.

"चूक माझी आहे," हे म्हणाले. "उद्या टाकी रिकामी करून पुन्हा भरतो."

जाऊची फजिती झाली की मला बरं वाटेल, असा माझा हिशोब होता. फजिती ह्यांची झाली.

घरी जाताना हे गाडी चालवत होते. मला राहवेना. म्हटलं, तिच्या हातात नळी द्यायचीच कशाला?

ह्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तू समोर उभी होतीस," म्हणाले. "म्हणून मी नळीकडे बघितलंच नाही."