जांभळीच्या सावलीतली गार सीट

आलेला माल: मोटारसायकलच्या सीटवर घालायचे जाळीचे कव्हर, नग एक. किंमत पाचशे एकोणपन्नास, दारात पैसे दिल्याचे वर चाळीस. पाकिटावर लिहिलं होतं, "कडक उन्हातही सीट राहील थंडगार." कव्हर काळं होतं. मी ह्यांना विचारलं, "अहो, काळ्या सीटवर काळं कव्हर?" हे म्हणाले, "तुला कळायचं नाही, आतून हवा खेळते." पाचशे एकोणनव्वद रुपये गेल्यावर बोलून काय उपयोग.

निघण्याचं कारण मुलाचं लग्न. आम्ही राहतो तळेगावात, मूळचे तिकोणा पेठेचे. पहिली अक्षत गावच्या देवाला आणि दुसरी औंढ्याच्या अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, हा घरचा नेम. पण अक्का आमच्याशी बोलत नव्हत्या. नव्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं ह्यांनी फोनवर दिलं होतं, तेव्हापासून. त्यात या वेळी चिरंजीवांनी आम्ही निघायच्या आधीच लग्नपत्रिका सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर पाठवून दिली. आत्यालासुद्धा. आमच्यात नवऱ्यामुलाला पहिली हळद आत्या लावते. अक्का आल्या नाहीत तर मांडवात चार माणसं विचारणार, आणि ज्यांना त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं ते आमचे हे जेवण टाकणार. म्हणून जातीनं जायचं ठरलं. रिक्षावाल्याने दिवसाचे जे सांगितले त्यात मांडवातल्या खुर्च्या आल्या असत्या. तेव्हा गाडी आपली मोटारसायकल, पेट्रोल तीनशेचं.

अक्कांनी "साध्या साडीवर आली" म्हणू नये म्हणून मी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसले.

कामशेतपर्यंत जुना हायवे, रस्ता उत्तम. तिथे चहा घेतला, वडापाव घरचा डबा असल्यामुळे घेतला नाही. चहा पिईपर्यंत गाडी उन्हात उभी होती. परत बसले आणि "विठ्ठला" म्हणून तशीच उठले. आत हवा खेळत होती हे खरं, पण ती तव्यावरून येत होती. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, नामस्मरण." डब्याला गुंडाळलेला उशीचा पांढरा अभ्रा मागच्या सीटवर दुमडून घातला आणि पवनानगरच्या रस्त्याला लागलो. या बाजूला उन्हाळ्यात दुचाकीवर येणार असाल तर पांढरा अभ्रा जवळ ठेवा. जुना चालतो, खर्च शून्य.

पवनेचं पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाकाठाने तंबू लावलेले. एका रात्रीचा दर विचारला आणि देवाने आपल्याला पक्कं छप्पर दिलंय याबद्दल त्याचे आभार मानले.

तिकोणा पेठेत देवळासमोर नारळ-फुलं विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. हे गाडी उन्हातच लावत होते. मावशी ओरडल्या, "ओ भाऊ, हितं नगा लावू! बसताना आई आठवंल. त्या जांभळीखाली लावा."

"कव्हर आहे मावशी, खास मागवलंय," हे म्हणाले.

मावशींनी कव्हरावर हात ठेवला आणि काढला. "लय खास हाय. भाकरी टाकू का?" मग फुलांवरचं ओलं पोतं उचलून म्हणाल्या, "ह्ये टाका वर. जाताना आनून द्या. सीट बर्फावानी ऱ्हाईल."

नारळ पंचवीसचा, पोतं फुकट. मला हा व्यवहार पटला.

देवाला अक्षत वाहिली. "अक्का येऊ देत" एवढंच मागितलं. मुलाचा संसार वगैरे मागायचं राहिलंच. डबा खाऊन, सभामंडपात थोडं टेकून बाहेर आलो. पोत्यावर पिकली जांभळं पडली होती. ह्यांनी ती झटकली, पोतं मावशींना दिलं. मी बसले आणि काय सांगू, गार! अभ्राही लागला नाही. सकाळपासून पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. दुधिवरे खिंड चढेपर्यंत मी मावशींना आणि देवाला आलटून पालटून दुवा देत होते. हे पुढून म्हणाले, "बघ, आता खेळतेय हवा."

औंढ्यात अक्का ओट्यावर कुरडया उलटत होत्या. उठल्या नाहीत. ह्यांच्याकडे बघितलंही नाही, मला म्हणाल्या, "पत्रिका आली मोबाईलवर. बघितली. पुसली."

हे म्हणाले, "अक्का, पोराला कळलं नाही गं."

"पोराला कसं कळंल? बापालाबी कळलं न्हवतं. आमी फोनातली मानसं. फोनातनंच हळद लावू."

मी पुढे होऊन कुंकू लावलं. सवाष्णीचं कुंकू कोण नाकारणार, लावून घेतलं. मी अक्षता पुढे केल्या तर मूठ मिटली. "कुकवाला न्हाई म्हनत न्हाई मी. ह्या ऱ्हाऊ देत तुझ्यापाशीच."

"वन्सं, चुकलं आमचं," मी म्हणाले.

"व्हय. चुकलंच."

एवढं बोलून पुन्हा कुरडया. ह्यांचा चेहरा बघवेना. पाणीसुद्धा न पिता निघायची वेळ आली होती. घरातल्या देवाला नमस्कार तरी करावा म्हणून मी आत वळले आणि वाकले.

मागून आवाज आला, "अगं बया! सुमन, बसलीस कुटं तू?"

मी साडीची मागची बाजू पुढे ओढून बघितलं. मोतिया रेशमावर हा एवढा जांभळा डाग, जाळीच्या नक्षीसकट छापलेला. जांभळं पोत्यावर फुटली होती आणि ओल्या पोत्यातून रस खाली जाळीत मुरला होता. दुधिवरे खिंडीत मला जो गारवा लागला, तो तोच.

अक्का आधी हसल्या नाहीत. मग भावाची पॅन्ट मागून बघितली आणि खांबाला धरून हसल्या. "ह्यो बी रंगलाय! जोडीनं आलेत हळद खेळून!" डोळे पुसत म्हणाल्या, "अशी जानार व्हय लोनावळ्यातनं? रविवारचं? पब्लिक फोटो काढंल."

कपाट उघडून त्यांनी हिरवी इरकल काढली. चांगल्यातली. माझी साडी काढून घेऊन बादलीत बुडवली. मी नेसून बाहेर आले, पाया पडले.

"देऊन टाकत न्हाई मी," अक्का म्हणाल्या, "माझ्या लाडाची हाय."

आणि आमचे हे, चुकून घरी आलेलं शेजाऱ्याचं वर्तमानपत्रही घडी घालून परत करणारे, म्हणाले, "मी उद्याच आणून देतो अक्का."

मी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे खिशात गाडीची किल्ली शोधायला लागले.

अक्कांनीही बघितलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्यानं आनायची गरज न्हाई. माझं लुगडं मी येऊन नेईन. हळदीच्या दिवशी. बोलावनं घेतलेलं न्हाई मी, ध्यानात ठेव. लुगडं न्यायला येनार हाय."

"हो वन्सं," मी म्हणाले.

मग चहा झाला. गूळ घालून.

लोणावळ्यात चिक्की पाव किलो घेतली, व्याह्यांकडे लागते. गर्दीतून निघायला लागलेला वेळ धरू नका, तो तिथल्या दरात नसतो. घरी आल्यावर कव्हर काढून भिजत टाकलं, आता ते माळ्यावर आहे. सीटवर जुन्या धोतराचा तुकडा बांधलाय. बसवतं.

ह्या प्रवासातून उरलं काय, तर एक इरकल. धुऊन, घडी करून देव्हाऱ्याजवळच्या कपाटात ठेवली आहे. पण हे रोज सकाळी अंघोळ झाली की म्हणतात, "उसन्या वस्तूत जीव अडकतो, देऊन येऊ का?" मी कपाटाची किल्ली कमरेला लावली आहे, तरी माणूस प्रामाणिक आहे, भरवसा नाही. तेव्हा नणंदेच्या घरून नेसून आलेली साडी हळदीपर्यंत घरात ठेवायला काही शास्त्राधार असेल, तर जाणत्यांनी उलट टपाली कळवावं. नसेल, तर कृपया कळवू नये.