सुमंतकाकांना विचारायचं राहिलं

शॉमबर्गच्या शुभाला कुणी नावं ठेवावीत अशी ती बाई नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसांचा मसालेभात ती एकटी करायची. पण भिडस्त. आणि त्या भिडेनंच तिचं वाटोळं केलं.

तिची नैना तीन वर्षांची असताना नागपूरहून इथे अमेरिकेत आली. गुरुनाथची, म्हणजे शुभाच्या नवऱ्याची, ग्रीन कार्डाची रांग अठरा वर्षांत हलली नाही. आता नैना एकवीस वर्षांची होणार होती. त्यानंतर वडिलांच्या व्हिसावर तिला राहता येणार नव्हतं. वाढदिवसाच्या आत विद्यार्थी म्हणून अर्ज पोचायला हवा, नाहीतर पोरीनं देश सोडायचा.

गुरुनाथच्या बायपासनंतर वकील परवडणार कुठून? लायब्ररीत शनिवारी स्वस्तात मदत मिळते म्हणून शुभा गेली. तिथे डेनिस नावाची बाई पॅरालीगल होती, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कागदपत्रं करणारी. तिनं आधीच सांगून टाकलं, "माझा प्रत्येक कागद आमची वकील तपासते. तुम्ही कुणाकडेही जा, पण आधी विचारा, तुमचा वकील कोण?" तिनं पुढच्या शनिवारची वेळ दिली. शुभानं ते वेळेचं कार्ड फ्रिजला लावलं.

आणि बाईसाहेब गेल्या कुठे? सुमंतकाकांकडे! मंडळातले सत्तरीचे गृहस्थ. 'मी पॅरालीगलचा कोर्स केलाय' म्हणत सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचे, एक पैसा घ्यायचे नाहीत. आपला माणूस, परक्या बाईपेक्षा बरा, असं शुभाला वाटलं.

प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काका म्हणाले, "नैना मला नातीसारखी. तू निर्धास्त राहा." आता या माणसाला विचारायचं, तुमचे कागद कोण तपासतं? शुभा चहा प्यायली आणि घरी आली. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते उगाच नाही.

काकांनी भरून पाठवलेला अर्ज परत आला. एका पानावर नैनाची सही राहिली होती. लिफाफा आला काकांच्या पत्त्यावर, आणि काका गेलेले दुसऱ्या राज्यात, लेकाकडे अल्फारेटाला. तो हातात पडेपर्यंत वाढदिवस होऊन गेला होता.

शुभा धावत लायब्ररीत गेली. डेनिसनं पान पाहिलं आणि आत जाऊन वकिलाला विचारून आली. "आता तिला भारतात जाऊनच व्हिसा मागावा लागेल. मिळेलच असं नाही. सही आम्ही सगळ्यांत आधी बघतो हो." शुभाला तिथेच रडू फुटलं.

नैना आईवर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क हिम?"

"मोठ्या माणसांना असं कसं विचारायचं गं?" शुभा म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच ते ऐकवेना.

नैनाच्या निघायच्या दिवशी काका लाडवांचा डबा घेऊन दारात आले. काकांचे डोळे भरले होते. "देवाच्या मनात नव्हतं, पोरी," म्हणाले. शुभाच्या मनात आलं, देवाला मधे आणू नका, काका, तुमचं चुकलं. आणि तिनं हात पुढे करून डबा घेतला.

नैनानं एकदा आईकडे पाहिलं. मग बॅग खाली ठेवली, वाकली आणि काकांच्या पाया पडली. लहानपणापासून शुभानंच तिला ते शिकवलं होतं.