ताई गल्ली दाखवते

माझं दुकान भिलाईत, नेहरू नगरात, हायवेला लागून आहे. प्रॉपर्टी डीलर म्हणजे घर विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणारा, तेच माझं काम. सगळ्यांनी मोबाइलवर घरांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, तशी मीही केली. फॉल्स सीलिंग, चकचकीत टाइल्स, मागे संगीत. लोक लाइक देत आणि पुढे सरकत. फोन मात्र येत नसे.

त्याच सुमारास भाऊजी इथल्या पोलाद कारखान्यातून, म्हणजे प्लांटमधून, रिटायर झाले. सेक्टरमधलं, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतलं, क्वार्टर सोडावं लागलं आणि ताई-भाऊजी आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. लग्न झाल्यापासून ताईनं तेच एक क्वार्टर पाहिलेलं. शेजारी तेलुगू, समोर बिहारी, मागे छत्तीसगढी कुटुंब. कोणाच्या घरी काय शिजलं हे सगळ्यांना ठाऊक. नव्या जागी दुपार सरेना, म्हणून ती दुकानात येऊन बसायची. एकदा माझा एक व्हिडिओ तिनं शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"कावून रे, याच्यात माणूस कुठी हाय?"

"घर विकाचं हाय ताई, माणूस नाई."

"क्वार्टर सुटलं तवा मले टाइल्स नाई आठवल्या. बाजूवाली आठवली. तू घर कायले दाखवून राहिला? गल्ली दाखव."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी ती साडी नीट करून तयार उभी होती. आम्ही स्कूटरवर एका गल्लीत गेलो. विकायचं घर तिनं बाहेरूनच दाखवलं आणि सरळ शेजारच्या फाटकाची कडी वाजवली. आत एक बाई उन्हात कोहळ्याच्या वड्या घालत होती. ताई तिच्याजवळ बसली, पिठात हात घातला आणि वड्या घालत घालत तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारू लागली. पानी कब आता है? बीमार पडे तो कौन दौडता है? आणि शेवटी, "इधर तकलीफ क्या है?"

मी मोबाइलमागून मानेनंच नको नको केलं. त्या बाईनं मोकळेपणानं सांगितलं, कुत्री फार आहेत, आणि कोपऱ्यावरच्या मंगल भवनात लग्न असलं की झोप नाही.

"हे कापाचं," मी परत येताना म्हणालो.

"तेच ठेवाचं. घर घेतल्यावर कुत्रे भुंकतील तं शिव्या कोणाले बसतील? तुलेच ना?"

तो व्हिडिओ ग्रुपवरून ग्रुपवर गेला. पहिलाच फोन सेक्टरमध्ये राहणाऱ्या, लवकरच रिटायर होणाऱ्या एका माणसाचा होता. त्यानं घराचं काही विचारलंच नाही. म्हणाला, "जिसने कुत्तों की बात नहीं छुपाई, उसी से घर लेंगे." घेतलंही.

मग दर रविवारी आमची स्कूटर निघू लागली. पोळी लाटता लाटता, सायकल पुसता पुसता लोक ताईशी बोलत. ती कॅमेऱ्याकडे बघायचीच नाही, समोरच्या माणसाकडे बघायची. सिविक सेंटरला भाजी घेताना अनोळखी बायका तिला थांबवून विचारत, "आमच्या गल्लीत कधी येता?"

एकदा हायवेपलीकडच्या एका कॉलनीतलं मोठं घर आमच्याकडे विकायला आलं. मालक वयस्क, अदबीनं वागणारे. त्यांनी चहा पाजला, किल्ली हातात दिली आणि व्हिडिओत गल्लीचं कौतुक करू लागले. रस्ता रुंद, शांतता. मग म्हणाले, "सबसे बडी बात, यहाँ सब अपने ही लोग हैं. ऐसे-वैसों को हम आने नहीं देते."

"ऐसे-वैसे मतलब?" ताईनं विचारलं.

त्यांनी हसतच एकेक समाज सांगितला. त्यात आमचाही होता. आमचे वडील भंडाऱ्याकडून प्लांटच्या नोकरीला आले, घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. पण ते दुकानाच्या पाटीवरून कसं कळणार? मी मोबाइल तसाच धरून रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

ताईनं त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. कप खाली ठेवला. "हम भी वही हैं, भैया."

"आपकी बात नहीं है. आप तो अच्छी हैं."

"हमारे सब अच्छे हैं," ती म्हणाली. किल्ली कपाशेजारी ठेवली, नमस्कार केला आणि उठली. आवाज जरासुद्धा चढला नाही.

बाहेर आल्यावर माझं डोकं तापलं होतं. "हे आत्ताच्या आत्ता टाकतो. सगळ्या भिलाईले दिसू दे."

ती स्कूटरला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं नाही. "नाई," ती म्हणाली. "एका माणसाले नागवं करून काय होते? आपलंच तोंड उघडू."

पुढच्या रविवारी तिनं पहिल्यांदाच कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाली, "जय भीम, जय जोहार, नमस्ते. मैं वही गली दिखाऊँगी जहाँ सब रह सकते हैं." मला धास्ती वाटली आणि ती खरी ठरली. काही मालकांनी कारण न सांगता घरं काढून घेतली. एकानं तर माझा फोन उचलणंच बंद केलं. संध्याकाळी भाऊजी जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिले थांबवू नको."

मग दुसरेच फोन यायला लागले. नाव सांगितलं की घर 'आत्ताच गेलं' असं ऐकून दमलेली एक मुस्लिम नर्स. बस्तरहून आलेली, एकटी राहणारी शिक्षिका. आणि मालकही, "हमारे यहाँ कोई भी आए" असं आपणहून सांगणारे. इतके मालक याच शहरात होते, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. धंदा आधीसारखा झाला, मग थोडा वाढलाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माझ्या दुकानात येणारा माणूस आता खुर्चीच्या कडेवर अवघडून बसत नाही.

परवा एका गल्लीत ताईनं नेहमीसारखं "जय भीम" म्हटलं, आणि समोरच्या गृहस्थानं फाटक लावून घेतलं. मी मोबाइल खाली केला. ताईनं त्या बंद फाटकाकडे पाठ केली. मग पदर खोचून म्हणाली, "चाल, धर कॅमेरा," आणि पुढच्या घराची कडी वाजवली.