फुवांचं शिकागो

शिकागो न पाहिलेल्या माणसांत आमच्या फुवांइतकं ते शहर जाणणारा दुसरा कोणी झाला नसेल. पाहिलेल्यांत तरी झाला असेल का, याची मला शंका आहे. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. तापीकाठी प्रकाशाला त्यांची मिरची-कापसाची शेती होती, आणि एका बाजूला शहादा नि दुसऱ्या बाजूला नंदुरबार एवढ्यात त्यांचं सगळं जग आटोपत होतं. तरीही घाटावर नावेची वाट बघत बसलेल्या कोणाही परक्या माणसाला, शिकागोत पाहुण्याने काय काय करावं हे सांगितल्याशिवाय ते पलीकडे जाऊ देत नसत. लोक महादेवाच्या दर्शनाला येत आणि जाताना शिकागो करून जात.

हे शहर त्यांच्या पदरात पडलं कसं, तर नंदुरबारला एक अमेरिकन पाद्री आले होते. ते पुस्तकी मराठी शिकून आलेले, आणि बाजारात ती कोणाला कळेना. फुवा मिरची विकायला गेले असताना दोघांची गाठ पडली आणि फुवांनी त्यांना अहिराणी शिकवायचं पत्करलं. आता सराव करायचा तर काहीतरी बोलायला हवं. पाद्रीबोवांना घरची आठवण येई, म्हणून ते आपल्या गावाबद्दल बोलत आणि फुवा चुका काढत. दोन हिवाळे हे चाललं. पाद्रीबोवा पुढे प्रवचनालाही फुवांसारखं घसा खाकरून उभे राहू लागले आणि देवाची आज्ञा सांगून झाली की शेवटी फुवांच्याच सवयीने ‘ना भो’, म्हणजे ‘बरं का भाऊ’, म्हणू लागले. फुवांकडे शिकागो राहिलं.

त्या शहराची त्यांनी रीतसर यात्राच बांधली होती. पहाटे उठून आधी तलावावर जायचं. तलाव एवढा की पलीकडचा काठ दिसत नाही. "आंगोय करीसन मंग बाकीनं," असं ते बजावत. हिवाळ्यात तलाव गोठतो हे त्यांना ठाऊक होतं, त्या दिवसांत नुसतं प्रोक्षण चालेल अशी सूट त्यांनी स्वतःच्या अधिकारात दिली होती. मग शहराच्या मधोमध खांबांवरून गोल फिरणारी आगगाडी आहे, तिच्यात बसून न उतरता एक प्रदक्षिणा. मग विजेवर वर चढणाऱ्या पाळण्यात उभं राहून उंच इमारतीच्या माथ्यावर, म्हणजे कळसदर्शन. जनावरं कापण्याचे मोठे वाडे आहेत, तिथे जायचं नाही, लांबूनच नाक धरायचं.

सगळ्यात शेवटी पूल. या पुलाने फुवांच्या अब्रूला कायमचं ग्रहण लावलं होतं. जहाज आलं की तिथला पूल मधून दुभंगून दोन्ही अंगांनी उभा राहतो, असं ते सांगत आणि घाटावरचे लोक एकमेकांकडे बघत. एकदा एका पाटलांनी विचारलं, "पूल उभा ऱ्हास, मंग बैल बुजतस नई का?"

"तठे बैल नईत."

"बैल नईत? मंग पूल कसाले जोयजे?"

फुवांनी त्या दिवशी दोन खाटा समोरासमोर उभ्या-आडव्या करून पाटलांना पूल दाखवला. पाटलांचा अंगठा खाटेत सापडला. पण पूल त्यांना पटला नाही तो नाहीच.

इतकं सगळं सांगणारा हा माणूस आयुष्यात एकदाही आगगाडीत बसला नव्हता. नंदुरबारला स्टेशन होतं, गाडी सुरतेला जात होती, पण फुवा बैलगाडीशिवाय हलत नसत. "आपली आगगाडी भुईवरथीन चालस. तिन्हामा काय मजा शे?" असं म्हणून उडवून लावत. फुई यावर घमेलं आपटून म्हणायची, "शिकागोना रस्ता तोंडपाठ शेत, आनि घरमा चूल कोठे शे ते माहीत नई!" तिचं एकच मागणं होतं आणि लग्नापासून ते तसंच पडून होतं. घरामागून वाहणारी तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते असं तिने ऐकलं होतं. "जलमभर याच पानीमा लुगडा धोयात. हाई पानी जास कोठे, एकदाव माले दखनं शे," एवढंच ती म्हणे. फुवा दर वर्षी पुढच्या वर्षाचा वायदा करत.

अशात पाद्रीबोवांची थोरली बहीण शिकागोहून आली. साठीची, उंच, काटकुळी, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. पाद्रीबोवा तिला घेऊन प्रकाशाला आले. मी तेव्हा नंदुरबारच्या शाळेत मास्तर होतो, मीही सोबत होतो. चहा होण्याआधीच फुवांनी तपासणी सुरू केली. "त्यास्ले ईचारा, गाडीमा बठीसन पुरी फेरी मारी का?" पाद्रीबोवांनी विचारून सांगितलं, नाही. माथ्यावर गेल्या का? नाही. निदान पूल उभा राहताना? त्या वेळी बाई नेहमी घाईत असत, म्हणून चिडून पाठ फिरवत.

"आरे देवा! साठ वरीस त्या गावमा ऱ्हायन्यात, मंग करं काय?"

बाई हसून म्हणाल्या, तिथे राहणारी माणसं हे बघत नाहीत, ते पाहुण्यांसाठी असतं. पण फुवा हसण्यावारी नेणारे नव्हते. काशी केली तरी प्रकाशा केल्याशिवाय ती पुरी होत नाही, असं आमच्या भागात मानतात. फुवांच्या मते हाच नियम शिकागोला लागू होता. बाईंनी शिकागो न करताच प्रकाशा केलं, म्हणजे क्रम उलटा झाला, आता फळ कुठलं मिळणार? त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. परत जाऊन सगळं करीन, असं वचन त्यांनी बाईंकडून मागितलं.

बाईंनी थोडा विचार केला आणि भावामार्फत विचारलं, तुमच्या पत्नीने काय काय पाहिलंय? फुवा खाकरले. फुईने मात्र दारातूनच नदीकडे बोट करून आपलं मागणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं. पाद्रीबोवांनी ते बहिणीला समजावलं. मग बाई म्हणाल्या, "मी यांचं शिकागो करते. यांनी हिला समुद्र दाखवावा." आणि त्यांनी हात जोडले. दारी आलेल्या पाहुणीने हात जोडल्यावर फुवा काय करतील? "व्हय," म्हणाले, पण अगदी खालच्या आवाजात.

वर्षभराने पाद्रीबोवांनी निरोप आणला: बाईंनी सगळं केलं. तलावात पावलं बुडवली, गाडीत बसून प्रदक्षिणा घातली, पूल उभा राहताना वाऱ्याने त्यांची टोपी उडून नदीत गेली तरी जागच्या हलल्या नाहीत. फुवा आता पुरते कात्रीत सापडले. तिकिटं मी काढली. गाडीने शिटी दिली तेव्हा फुवांनी एका हाताने खिडकीचा गज आणि दुसऱ्या हाताने फुईचा पदर जो धरला तो सुरतेपर्यंत सोडला नाही. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं हा माणूस नुसता घाबरत होता. फुईला ते आधीपासून ठाऊक असावं. तिने पदर सोडवून घेतला नाही.

टांग्याने समुद्रकाठी पोचलो तर समुद्र नव्हता! ओहोटी होती, नजर जाईल तिथवर नुसता चिखल. फुवा रडकुंडीला आले. इतक्या वर्षांनी बायकोला समुद्र दाखवायला आणावं आणि तो घरी नसावा! फुई मात्र पाय पसरून निवांत बसली. "यी. कोठे जाई?" म्हणाली. दुपार कलल्यावर पाणी खरंच आलं, गढूळ, आमच्या तापीच्याच रंगाचं. फुई त्यात घोटाभर उतरली, ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाली, "आपलंच पानी शे. आठे यीसन खारं व्हयनं." फुवांच्या ओठांवर शिकागोचा गोड्या पाण्याचा तलाव आलाच होता. ती म्हणाली, "उगा ऱ्हा ना जरा. माले दखू द्या." आणि फुवा खरोखर गप्प झाले. सूर्य बुडेपर्यंत दोघं तशीच उभी होती.

पुढच्याच उन्हाळ्यात फुई गेली. फुवा नंतरही घाटावर बसत, पण शिकागो त्यांनी सोडून दिलं. पुलाची कोणी मुद्दाम खोडी काढली तरी ते चिडत नसत, आणि मला त्याचंच फार वाईट वाटे. एकदा मी शेजारी बसलो असताना एका नवख्या वाटसरूने, सुरतेला चाललोय, तिथे काय बघण्यासारखं आहे, असं सहज विचारलं. फुवांनी नदी वाहते त्या दिशेला बोट केलं.

"समुद्र शे," ते म्हणाले. "पन एकला जाऊ नको. बायकोले संगे लई जा. आनि तठे गयात ना भो, का मंग तू काहीच बोलू नको."