साळवेबाईंचं न झालेलं भाषण

एस्तेर गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. आमच्या श्रीरामपुरातल्या सेवाक्लबच्या ग्रुपवर. तिचा जुना फोटो, भोवती गुलाबाची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याला लागूनच गुरुवारच्या सभेला कोण पाहुणे येणार नि जेवणाला काय बेत आहे ते... मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुण्याला तिच्या मुलाला फोन लावला. पहाटे झोपेतच गेली म्हणाला. इकडे ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात एका शहाण्याने घाईघाईत टाळ्याही टाकल्या. ज्या ग्रुपवर हे चाललं होतं, त्याच ग्रुपातून एस्तेरला गेल्या वर्षी काढून टाकलं होतं. का काढलं, ते मी आज सांगणार आहे. कुणाला राग आला तर खुशाल येऊ दे. मला आलेला अजून उतरलेला नाही.

एस्तेर साळवे आणि मी एकाच कन्याशाळेत होतो. ती मराठी शिकवायची, मी गणित. माझी जीभ आधीपासून फटकळ. ती मात्र कुणाला दुखवायची नाही. फार संतापली की तेवढी माहेरची बेलापूरकडची बोली बाहेर यायची, “लई झालं आता!” आणि मग आपण दोन पावलं मागं सरकायचं. आम्ही दोघी रिटायर झालो तेव्हा तिनंच मला क्लबात ओढलं. “चल गं विमल, घरात बसून भिंतींशी काय बोलणारेस?” दर गुरुवारी संध्याकाळी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये सभा. बाहेरचा एक वक्ता, त्याला शाल, नारळ, मग तासभर भाषण, मग जेवण. कुणी यशाच्या पायऱ्या सांगायचा, कुणी तणावमुक्तीच्या युक्त्या. विचार द्यायचे, जेवायचे, गाडीत बसायचे. वक्त्याची ओळख करून द्यायचं काम एस्तेरकडे होतं. बायोडाटा वाचून दाखवणं तिला मान्य नव्हतं. ती आधी त्या माणसाला फोन करायची, आईवडील, गाव, शाळा, सगळं विचारायची, आणि अशी ओळख करून द्यायची की वक्त्याचेच डोळे भरून यायचे. पुष्कळदा त्यानंतरचं भाषण फिकं पडायचं. लोक म्हणायचे, काय बोलता हो मॅडम! पण तुम्ही स्वतः एकदा बोला, असं एकालाही सुचलं नाही.

मग एका गुरुवारी एक डॉक्टर आले. विषय, पाणी. भरपूर पाणी प्या, मुलांना प्यायला लावा, मूत्रपिंडं जपा. भाषण चांगलं झालं. आमच्या पदाधिकाऱ्यांना इतका हुरूप आला की त्यांनी आमच्याच शाळेला थंड पाण्याचं मोठं मशीन भेट दिलं. फीत कापली, फोटो काढले, मशीनवर देणगीदारांची नावं अशी ठसठशीत कोरली की नळ शोधावा लागायचा. महिन्याभराने आम्ही दोघी सहज शाळेत गेलो. मधली सुट्टी, कडक ऊन, आणि मशीनपाशी चिटपाखरू नाही. एस्तेरने आठवीतल्या एका मुलीला जवळ घेऊन विचारलं, “का गं, पाणी नाही प्यायलीस?” ती खाली बघत म्हणाली, “नको बाई. मग जावं लागतं.”

जावं लागतं... म्हणजे कुठं? शाळेच्या मागं दोन संडास. एक बाईंचा, त्याला कुलूप. दुसऱ्याला कडी नाही, आत नळ आहे तर नळाला पाणी नाही. एकीनं बाहेरून दार धरायचं, एकीनं आत जायचं. खेड्यावरून एस.टी.ने येणारी पोर सकाळी घर सोडते ती संध्याकाळी परत घरी जाईपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. पाळीच्या दिवसांत तर घरीच राहते. हे आम्हाला काही नवीन नव्हतं, संस्थेला अर्ज करकरून आमच्या नोकऱ्या संपल्या होत्या. पण त्या मशीनसमोर उभी राहून एस्तेर म्हणाली, “विमल, ह्यांना कुणी सांगितलंच नाही गं. सांगितलं तर हे करतील.” इतका भाबडा विश्वास! मला तेव्हाच हसू आलं होतं, आणि आता त्या हसण्याचीच लाज वाटते.

तिनं क्लबकडे एक गुरुवार मागितला. फक्त एक. विषय, मुली शाळेत पाणी का पीत नाहीत. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, विषय उत्तमच आहे, पण... जेवणाच्या आधी?” एस्तेर म्हणाली, “मग जेवणानंतर ठेवा.” तर म्हणे जेवणानंतर कुणी थांबत नाही. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले. त्यांनी नियम काढला की सभासद हा पाहुणा होऊ शकत नाही, वक्ता क्लबच्या बाहेरचाच पाहिजे. आमच्या क्लबात अध्यक्ष दरवर्षी बदलतो, आडमुठेपणा तेवढा कायम.

एके दुपारी मी मेथी निवडत बसले होते, तर ही हसत हसत घरात शिरली. “राजीनामा देऊन आले.”

“अगं, का?”

“क्लबच्या बाहेरचं माणूस पाहिजे ना त्यांना? झाले मी बाहेरची! आता बोलवा म्हणावं.”

त्यांनी राजीनामा त्याच दिवशी मंजूर केला आणि संध्याकाळी तिला ग्रुपातून काढलं. तेवढ्यात बरी चपळाई आली! ती मात्र खुशीत होती. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं ते भाषण मला कितीदा तरी म्हणून दाखवलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. ‘संडास’ हा शब्द पहिल्याच वाक्यात घ्यायचा असं तिनं पक्कं ठरवलं होतं. “एकदा ऐकला की दचकणं संपतं बघ,” म्हणायची. आणि वाट बघत राहिली. पाऊस गेला, थंडी गेली. मी सभेत विचारलं तर उत्तर आलं, “विमलताई, गावातल्याच वक्त्याला गर्दी होत नाही हो. पुण्याबिण्याचं कुणी असलं तर ठीक.”

पुढं तिचा मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. गुडघे दुखायचे, एकटीला जिना झेपेना. महिन्याभराने तिचा फोन आला. आधी माझ्या सुनेची चौकशी, मग थोडं इकडचं तिकडचं, आणि मग हळूच, “विमल, त्यांना सांग ना, आता मी पुण्याची आहे. पुण्याहून येते म्हणावं.” मी हसले. ती हसली नाही. ती मनापासून सांगत होती. मी जाऊन सांगितलं. “बघू,” म्हणाले. ते बघतच बसले, आणि ही गेली.

तिला मातीसाठी श्रीरामपूरलाच आणलं. क्लबने भलंमोठं फुलांचं चक्र आणलं होतं, त्यावर क्लबचं नाव एवढं मोठं की शवपेटी दिसेना. तिचं नाव शोधावं लागलं. आणि परवाच्या गुरुवारी क्लबने ‘एस्तेर साळवे स्मृती व्याख्यान’ ठेवलं. वक्ते नगरचे, विषय सकारात्मक विचार. ओळख करून द्यायला मला सांगितलं, साळवे मॅडमची जागा तुम्हीच चालवा म्हणाले. त्याआधी आत्ताच्या अध्यक्षांनी उठून जाहीर केलं की मॅडमच्या स्मरणार्थ क्लब त्यांच्या लाडक्या शाळेला आणखी एक थंड पाण्याचं मशीन देणार आहे. टाळ्या पडल्या. माझी कानशिलं तापली. लाज नाही वाटत? मेल्यावरसुद्धा त्या बाईचं ऐकायचं नाही?

मी माईक धरला आणि म्हटलं, “आजच्या पाहुण्या एस्तेर साळवे. पुण्याहून यायच्या होत्या. त्यांचं भाषण मला पाठ आहे.” आणि तिच्या पहिल्या वाक्यापासून सुरू केलं, त्या शब्दासकट. नगरचे वक्ते शाल सावरत बसले. अध्यक्ष दोनदा माझ्या बाजूला येऊन “ताई, आवरा” म्हणाले. मी आवरलं नाही. एस्तेर जिथं थांबायची तिथं थांबले, शेवटपर्यंत बोलले. माझा आवाज चिरका आहे, तिच्यासारखा गोड नाही, पण एक वाक्य गाळलं नाही. संपल्यावर एक टाळी वाजली नाही. मागं वाढप्यांनी ताटं मांडायला घेतली होती.

तेवढ्यात बायकांच्या टेबलावरून कुणीतरी उठलं. संगीता, अध्यक्षांची बायको, आमचीच जुनी विद्यार्थिनी. दर गुरुवारी नवऱ्याबरोबर येते, जेवते, जाते. इतक्या वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

“बाई, पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्या शाळेत पाणी प्यायले नाही.”

“संगीता, बस खाली,” अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले.

ती बसली नाही. मी खाली उतरून माईक तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि सभेकडे पाठ करून नवऱ्याकडे वळली.

“आपली अनू एवढ्या मोठ्या शाळेत जाते. मी रोज तिची बाटली भरून देते, आणि रोज ती भरलेलीच परत आणते. तुम्ही एकदा तरी विचारलंत का हो तिला?”